शुद्ध लिहिलं की राग पातळ होतो

सुभद्राताई खिल्लारे यांचं मला आलेलं पहिलं पत्र इतकंच होतं: "मॅडम, तुमची कादंबरी वाचली. तुमची ऊसतोडीची बाई दोनशे चाळीस पानं गप बसते. आमची बाई येवढी गप बसत न्हाई. तुमी ऐकायला थांबल्या नसाल. जय भीम." खाली सही, आणि ताडकळसजवळच्या एका गावातल्या वाचनालयाचा पत्ता. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या लेकीला अजून तिथं राहायचं आहे.

मला राग आला. मी कराडला कॉलेजात मराठी शिकवत होते. आमच्या घरामागच्या रानात दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या, मराठवाड्यातून आलेल्या. मी त्यांच्या कोप्यांपाशी, त्या पाचटाच्या झोपड्यांपाशी जाऊन दोन वह्या भरून टिपणं काढली होती. कादंबरीला पुरस्कार मिळाला होता, समीक्षकांनी तिच्यातल्या मौनाचं कौतुक केलं होतं. मी सुभद्राताईंना उलट लिहिलं, 'अभिप्रायाबद्दल आभार. साहित्यात मौन हेही एक विधान असतं.' हे वाक्य आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

त्याला उत्तर आलं ते अकरा पानांचं. त्यांची थोरली बहीण नऊ हंगाम तोडीला गेलेली. सुभद्राताईंनी तिला शेजारी बसवून माझी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि पान क्रमांक घालून तिचं म्हणणं उतरवलं होतं. "पान सत्तेचाळीस. बाई पहाटे उठून उगवतीकडं बघत राहते असं तुमी लिहिलं. भैन म्हनती, बघायला येळ कुठंय, गाडी भरायची असती." "पान नव्वद. मुकादम वरडतो अन् बाई मान खाली घालते. भैन म्हनती, मी त्याला काय म्हनले ते लिहू नको, मॅडम मास्तरीण हायत." मी हसले, पण शेवटच्या पानावर माझं हसू थांबलं. पत्राच्या शेवटी होतं, "मला शुद्ध लिहिता येतं. ग्रंथालयाची परीक्षा पास हाय मी. पण शुद्ध लिहिलं की राग पातळ होतो."

मी ती कादंबरी पुन्हा लिहिली. दुसऱ्या आवृत्तीतली बाई बोलली. मी सुभद्राताईंचे आभार मानणार होते, तर त्यांनी कळवलं, माझं नाव नको, भैनीचं टाका. टाकलं.

तिथून पुढं चौदा वर्षं आम्ही एकमेकींना पत्रं लिहिली. दोनतीन आठवड्यांनी एक पाकीट यायचंच. त्यांच्याकडं मोबाइल होता, पण त्यावर बोलायला त्या तयार नसत. "फोनवर माणूस हो हो म्हनतं अन् इसरून जातं. कागद इसरू देत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी पुस्तकं पाठवायचे, त्या वाचून निकाल कळवायच्या. एका नामवंत लेखकाच्या ग्रामीण कथांवर त्यांनी लिहिलं, "येवढं गोड हाय की कपाटाला मुंग्या लागतील." एका रशियन कादंबरीचा अनुवाद त्यांनी तीनदा वाचला आणि कळवलं, "तिथं बर्फ हाय अन् इथं ऊन, पण सावकाराचा जिना सारखाच हाय." माझ्या विद्यार्थ्यांना मी ही पत्रं वर्गात वाचून दाखवायचे. मी शिकवलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा त्यांना ती जास्त कळायची.

हळूहळू त्यांची हकिकत पत्रांतूनच समजत गेली. बारावी होऊन लग्न झालेलं. नवरा गवंडी, तो बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला तेव्हा लेक उज्ज्वला पाच वर्षांची. वाचनालयात झाडायला आणि पाणी भरायला म्हणून त्यांना घेतलं. झाडता झाडता त्यांनी कपाटं वाचून काढली, परीक्षा दिली, आणि मग पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, सगळं काम त्याच करू लागल्या. कागदावर मात्र ग्रंथपाल होती वाचनालयाच्या अध्यक्षांची सून. ती संभाजीनगरला राहायची आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, उगवायची.

गावातली काही माणसं त्यांच्या हातातून पुस्तक घेत नसत. टेबलावर ठेवा म्हणत, मग उचलत. यावर त्यांनी मला लिहिलं होतं, "ह्यांना माझा इटाळ होतो. त्या पुस्तकांचा झाला असता तर बरं झालं असतं." बायका तर वाचनालयाची पायरी चढायच्याच नाहीत. मग सुभद्राताई बाजाराच्या दिवशी पोत्यात पंचवीस-तीस पुस्तकं बांधून ताडकळसला जायच्या आणि भाजीवाल्यांच्या ओळीत पोतं अंथरून बसायच्या. शेळ्या विकायला आलेल्या बायका, मजुरीवरनं परतणाऱ्या पोरी तिथनं पुस्तक न्यायच्या आणि पुढच्या बाजारी परत आणायच्या. "मेथीशेजारी बसले की कुणी जात इचारत न्हाई, भाव इचारतात," असं एका पत्रात होतं. अध्यक्षांनी त्यांना ताकीद दिली की वाचनालयाची शोभा रस्त्यावर मांडायची नाही. त्या मांडत राहिल्या.

एका वर्षीच्या तपासणीचं पत्र माझ्याजवळ आहे. साहेबांनी सूनबाईंकडं दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची वही, मागितली. तिला वाटलं, साहेबांना कसलातरी दाखला हवाय. सुभद्राताई चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या आणि नोंदवही त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होती. "मी सरकले न्हाई ताई," त्यांनी लिहिलं होतं. "सगळे घामेजले तरी सरकले न्हाई. शेवटी अध्यक्षांनी डोळे वटारले तवा काढून दिली. साहेब सूनबाईला म्हनले, अक्षर फार चांगलंय तुमचं."

मी उत्तरात लिहिलं की संताप समजतो, पण जरा सबुरीनं घ्या, नोकरी महत्त्वाची. चार महिने पत्र आलं नाही. मग एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "सबुरी तुमच्याकडं स्वस्त असंल."

आम्ही एकमेकींना पाहिलं ते अकराव्या वर्षी. परभणीला एका कार्यक्रमासाठी गेले होते, तिथून एसटीनं ताडकळस आणि पुढं जीपनं त्यांच्या गावी. फाट्यावर त्या उभ्या होत्या. ठेंगण्या, काटक, केस घट्ट बांधलेले. मला वरून खाली बघून म्हणाल्या की पुस्तकामागच्या फोटोत मी फार तरुण दिसते, तो फोटो बदलावा. त्यांच्या घरी जेवलो. बहीण आली होती, तिनं मुकादमाला काय म्हटलं होतं ते मला अखेर ऐकवलं. इतकी हसल्याचं मला क्वचितच आठवतं.

दुपारी वाचनालय बघायला गेलो. कराडची लेखिका आल्याचं कळून अध्यक्ष चार माणसांसह येऊन बसले होते. शाल, नारळ, फोटो. मला मधली खुर्ची दिली. अध्यक्ष वाचनसंस्कृतीवर बोलले, सूनबाईंनी वाचनालय कसं नावारूपाला आणलं ते सांगितलं, आणि सुभद्राताईंकडं न बघता म्हणाले, "सुभद्रे, चहा आण." त्या गेल्या. चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढं धरला.

मी तो घेतला. प्यायले. वर चहा छान झाल्याचंही म्हणाले. हे वाचनालय या बाईंनी उभं केलंय, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. अंगावर त्यांची शाल होती आणि मी बोलले नाही.

फाट्यापर्यंत त्या मला सोडायला आल्या. जीप आली तेव्हा म्हणाल्या, "तुमची पयली आवृत्तीच खरी होती, ताई. गप बसनारी बाई तुमी सोता होता."

कराडला पोचताच मी भरपाई करायला निघाले, आणि तीही माझ्या पद्धतीनं, कागद रंगवून. काम त्यांचं आणि कागदावर नाव सूनबाईंचं, याबद्दल मी त्यांना तक्रार करायला लावलं. मीच मसुदा केला, शुद्ध, मुद्देसूद, कलमांसह. त्यांनी तो बघून विचारलं होतं की एवढ्या सोवळ्या भाषेत कुणाला काही लागेल का. मी लिहिलं, कार्यालयांना हीच भाषा कळते. तक्रार वरच्या कार्यालयात गेली, आणि तिथून 'चौकशी करून अहवाल द्यावा' असा शेरा मारून परत आली. कुणाकडं? अध्यक्षांकडं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानंच चौकशी करायची. आठ दिवसांत सुभद्राताईंना दोन ओळींचं पत्र देऊन काढून टाकलं. पुस्तकं विनापरवाना बाहेर नेल्याचं कारण दिलं होतं.

मला वाटलं, आता त्या मला कधी लिहिणार नाहीत. पण पत्र आलं. तक्रारीचा उल्लेखही नव्हता. फक्त म्हटलं होतं की पोतं रिकामं झालंय, पुस्तकं पाठवा. मी माझी दोन कपाटं रिकामी केली. पुढची तीन वर्षं त्या आठवडाभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायच्या, सोयाबीन काढायच्या आणि बाजारी पोतं अंथरायच्या. शेवटच्या वर्षी अक्षर वाकडं व्हायला लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, चष्मा बदलायचाय. खरं तर मूत्रपिंडं गेली होती. उज्ज्वला गावातून रोज जाऊन-येऊन परभणीच्या एका दवाखान्यात परिचारिकेचं काम करते, तिलाही त्यांनी उशिरा सांगितलं. तिचाच फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी वाचनालयासमोर शोकसभा होती. कमानीला बॅनर लावलं होतं, त्यावर सुभद्राताईंपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा. अध्यक्ष गहिवरले. सुभद्रा आमच्या घरातलीच होती, वाचनालयाची निष्ठावंत सेविका होती, असं म्हणाले. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मी सांगितलं, सेविका नव्हत्या, ग्रंथपाल होत्या. पंधरा वर्षं. नोंदवहीत अक्षर त्यांचं आहे, नाव दुसऱ्याचं. हे मला माहीत होतं आणि इथंच बसून, शाल पांघरून मी त्यांच्या हातचा चहा प्यायले होते. एवढं झालं आणि माइक बंद पडला. मी तसंच मोठ्यानं बोलत राहिले. पुढच्या रांगा उठून गेल्या. मागं बाजारच्या बायका बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

नंतर अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं की मी पाहुणी आहे, उद्या जाईन, लेकीला इथंच राहायचंय. उज्ज्वलानं ते ऐकलं. ती म्हणाली, "ऱ्हाणारच हाय. तवाच इचारायलेय, आईचं नाव कागदावर कवा लिहिता?"

आता ती तेच विचारत फिरते आहे. तिला पैसे नकोत, नोकरी नको. आईनं पंधरा वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं, याची कागदावर नोंद हवी. अर्ज केला, अपील केलं. कार्यालयात पुरावा मागितला. उज्ज्वलानं मला फोन केला आणि मी पत्रांची पिशवी घेऊन परभणीला गेले. पहिल्या अकरा वर्षांच्या पत्रांत त्या वाचनालयात कुठलं पुस्तक कधी आलं, कुणी नेलं, कुणी पानं फाडली, तपासणी कधी झाली, सगळं तारीखवार आहे. नोंदवहीशी ताडून बघा म्हटलं. साहेबांनी पुढची तारीख दिली. कराडहून परभणी म्हणजे एक अख्खा दिवस जातो. आजवर पाच वेळा गेले. एकदा साहेब रजेवर होते, एकदा नोंदवही सापडत नव्हती, एकदा अध्यक्षांची तब्येत बरी नव्हती.

मला कुणी सांगतं, इतका राग बरा नाही या वयात. मी ऐकत नाही. अध्यक्षांवरचा आणि माझ्यावरचा, दोन्ही राग मी जपून ठेवले आहेत.

गेल्या खेपेला माझा जबाब घेतला. कारकून खाली मान घालून लिहीत होता. नाव, वय, पत्ता. मग त्यानं विचारलं, "मयताशी नातं?"

मी म्हटलं, "मैत्रीण."

तो म्हणाला, आई, बहीण, मुलगी असं काही असेल तर सांगा. नाही म्हटल्यावर त्यानं लिहिलं: नाते – नाही.

मी कागद माझ्याकडं ओढला आणि म्हटलं, हे खोडा. तो म्हणाला, मैत्रिणीसाठी रकाना नसतो मॅडम, आणि आता जेवणाची सुट्टी झाली. मी म्हटलं, जेवून या, मी इथंच आहे. तो गेला. उज्ज्वला माझ्याशेजारी येऊन बसली. तासाभरानं तो परतला, आम्हा दोघींकडं बघितलं, 'नाही' वर काट मारली आणि विचारलं, "काय लिहू?"

मी त्याला अक्षरं सुटी करून सांगितली, आणि तो लिहून होईपर्यंत बोट कागदावरून उचललं नाही.