इर्जिकीचं ताट

आमच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी माझं वजनाचं इंजेक्शन मुक्कामाला असतं. आठवड्यातून एकदा ते पोटात टोचलं, की भूक गाव सोडून जाते. पोट उतरलं, पण हातपायही काटक्या होऊ लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पुरुषांचं हार्मोनही फार कमी निघालं, म्हणून त्याचंही इंजेक्शन सुरू झालं. वर ताकीद : वजनं उचला, अंडी-डाळ खा, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाईल. थोडक्यात, एक औषध अंगात बैल घालतं आणि दुसरं त्याची वैरण काढून घेतं.

यंदा भात काढायला इर्जिक घातली. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत इर्जिकीला शेजारी बिनमजुरीने राबतात आणि घरधनी त्यांना मटणाचं जेवण घालतो. घरधनीही पंगतीतच जेवतो आणि त्याचं ताट रिकामं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. त्याने अन्न टाकलं, तर आपलं येणं त्याला जड झालं असं माणसं समजतात. मग पुढच्या वर्षी कोण येणार?

गेल्या वर्षी मी बांधावर धापा टाकत बसलो होतो. यंदा डोक्यावर भारा घेऊन खळ्यापर्यंत असा चाललो, की मागे वाजंत्रीच काय ती कमी!

"सूनबाई, ह्याला काय खाऊ घालतीस गं?" शेजारचे आबा ओरडले.

"खात्यात कुठं? नुसतं टोचून घेत्यात!" बायको म्हणाली.

पंगत बसली. रविवारी इर्जिकीची गडबड असणार म्हणून मी मोठ्या हुशारीने शनिवारीच इंजेक्शन घेतलं होतं. दोन घास गेले आणि घशाने दार लावलं. बाकीची ताटं रिकामी झाली. माझ्या ताटात मटणाचा डोंगर तसाच.

"काय रं, आमचं काम पसंत न्हाई व्हय?" आबांनी विचारलं.

एवढ्यात वाढणारी बायको पदर खोचून थेट पुरुषांच्या पंगतीत माझ्या शेजारी बसली आणि माझं ताट ओढून जेवू लागली.

"अगं!"

"सकाळधरनं चुलीम्होरं हाय मी. आन आबा, आमचं दोघांचं ताट येकच असतंय. इचारा त्यास्नी."

लग्नातला घास सोडला, तर आम्ही एका ताटात कधी जेवलो नव्हतो. मी गंभीरपणे मान हलवली.

"मंग जेव बाई, सावकाश," आबा मिशीत हसले.

तिने सगळं संपवलं. एक बारका तुकडा तेवढा माझ्यापुढे सरकवला. "एवढा तुमचा. डॉक्टरनी सांगितलंय."

तो मी खाल्ला. मग पंगत उठली.