चार नंबरचं सुटं ब्रेक ऑइल

वडवणीच्या स्टँडसमोर कल्याणअप्पांचं स्पेअर पार्टचं दुकान. अप्पांचं बोलणं म्हणजे आधी नाकातून लांबलचक सूर, मग एकदम ठसका: "हाऽऽऽय ना! घ्या!" वडलांच्या किराणा दुकानात गोडंतेल सुटं विकून हात बसलेला. शहाण्णव साली स्टँडवर जीपा वाढल्या, तसं अप्पांनी ब्रेक ऑइलही सुटंच ठेवलं. उघडा डबा, तोंडाला चिंधी, शेजारी माप. थ्री आणि फोर हे तेलाच्या प्रतीचे नंबर; गिऱ्हाइकाला अप्पांचं ठरलेलं सांगणं:

"थ्री नंबर कावून घेता? फोर घ्या. लई उष्णता सोसतंय. वर्षभर उघडं ठेवा, कायबी होत न्हाई."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी विठ्ठलराव जीपवाला आला. "अप्पा, काल मांजरसुंब्याचा घाट उतरताना पायडल पार खाली बसलं बगा. हातब्रेक ओढून थांबलो. अर्ध्या तासानं पुन्हा टणक! वाईच तेल टाका, उद्या बाया लिंबागणेशाला दर्शनाला न्यायच्यात."

त्या बायांत अप्पांच्या पत्नी उमाबाईही होत्या.

अप्पांनी माप उचललं. बीडला सायन्सला शिकणारी त्यांची मुलगी कावेरी सुट्टीला आलेली. ती डब्यावरचं इंग्रजी वाचत होती.

"अप्पा, थांबा. उघडं ठेवू नका म्हणून लिहिलंय. हे तेल हवेतलं पाणी ओढतं."

"फोर नंबर हाय ते!"

"असू द्या. फोर उशिरा उकळतं, पण कोरडं असलं तर. पाणी मुरलं की घाटात ब्रेक तापतात, नळीत वाफ होते. मग पायडल दाबलं की वाफच दबते, चाकापर्यंत जोर जातच नाही."

अप्पांचा सूर नाकातच अडकला. एकट्या विठ्ठलरावचं तेल गुपचूप बदलता आलं असतं. पण निम्म्या स्टँडनं याच डब्यातून भरलेलं. आणि स्टँडवर अप्पांचा शब्द म्हणजे शेवटचा.

ते रस्ता ओलांडून जीपांपुढं उभे राहिले. "माझ्याकडचं सुटं तेल ज्यांनी भरलंय, त्यांनी गाडी हलवू नका. खराब हाय ते. चूक माझी."

"म्हंजी अप्पा, आमी इतके दिवस पाण्यावर गाड्या थांबवत होतो?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हसतो काय बे!" विठ्ठलराव खेकसला. "काल घाटात तू न्हवतास."

संध्याकाळपर्यंत एकेका जीपचं जुनं तेल काढून, सीलबंद डबे फोडून नवं भरलं. फोडलेल्या डब्यांत उरलेलं तेल पुन्हा विकायला ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उमाबाई विठ्ठलरावच्या जीपमध्ये चढल्या, तर पुढं अप्पा आधीच बसलेले. दर्शन झालं. परतताना घाट लागला. वळण आलं की अप्पांचा पाय खालच्या पत्र्यावर गच्च.

"अप्पा, ब्रेक हिकडं हाय, माझ्या पायाखाली."

"आसूं दे. तू तुझा दाब, मी माझा दाबतो."