मोहोरबंद ऑर्गनचा मालक

अंबादास मुधाळकर यांच्याविषयी गंगावेशीत तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्यांनी गोव्याहून ऑर्गन चोरून आणला, त्यापायी त्यांना तुरुंग घडला, आणि त्यांच्या आक्कांनी एका सरकारी अधिकाऱ्याला देवापुढे वाकवले. पहिल्या दोन गोष्टींना त्यांच्या ट्रंकेतल्या एकाही कागदाचा आधार नाही. तिसरीला आहे, पण थोडा वेगळा.

अंबादास पेट्या दुरुस्त करीत. शहरातल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, नाटकवाल्यांच्या पेट्या सव्वीस वर्षे त्यांच्या हाताखालून गेल्या. स्वतःची एकही नव्हती. काम संपले की पेटी अर्धा तास वाजवून पाहायची, एवढीच त्यांची हौस. गिऱ्हाईक उंबऱ्यात ताटकळत उभे असले तरी त्या अर्ध्या तासात कपात होत नसे.

१९५२च्या एप्रिलात गोव्यातल्या सत्तरी भागातल्या एका घराने आपला जुना फ्रेंच बनावटीचा ऑर्गन, म्हणजे पायाने भाता चालवायची मोठी पेटी, विकायला काढला. अंबादासांनी तो घेतला आणि काजूच्या पोत्यांबरोबर ट्रकमध्ये घालून चंदगडच्या बाजूने वर आणला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. तिथून आलेली वस्तू ही आयात, आणि आयातीला परवाना हवा. तो नव्हता. चौकीवर ऑर्गन जप्त झाला. जबाबात अंबादास लिहितात, “सदर ऑर्गन माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी वडील आहे. इतक्या वयाच्या वस्तूस आयात म्हणणे शोभत नाही.” त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात शेरा आहे: “वय विचारलेले नाही.”

पंचनाम्यासाठी ऑर्गन चालतो की नाही हे पाहणे भाग होते, म्हणून चौकीवर त्यांनाच तो वाजवायला लावला. ‘सर्व सूर बोलले’, अशी नोंद आहे. स्वतःचा ऑर्गन त्यांनी पहिल्यांदा वाजवला तो असा, दोन पंच आणि एका शिपायासमोर.

जूनअखेर ऑर्गनची सशर्त सुटका झाली, अंतिम निकाल होईपर्यंत. अटी चार होत्या: विकायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, वापरायचा नाही, आणि मागितल्यावर जप्तीच्या वेळच्याच स्थितीत हजर करायचा. झाकणावरून दोरी आवळून गाठीवर लाखेची मोहोर केली होती. एक अट मोडली तरी ऑर्गन कायमचा सरकारजमा.

जामीन राहिले शेजारचे गुळाचे अडते पिराजी चौगुले. सही केल्या दिवसापासून ते रोज दुकान सोडून ऑर्गनसमोर येऊन बसू लागले.

“पिराजीराव, मी नुसती धूळ पुसतोय,” अंबादास म्हणत.

“पूस की. पर बोटं लांब ठेवून पूस. तुझ्या बोटांवर माझा इस्वास न्हाय.”

“झाकण बंद आहे हो.”

“झाकण बंद हाय, पर तुझा पाय बघ, भाता मारतोय!”

पाय खरोखरच हलत असे, याला आक्कांचा दुजोरा आहे.

आक्का म्हणजे अंबादासांची थोरली बहीण. घर त्यांच्या शब्दावर चाले. खंडेनवमीला त्या कानशीपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा करीत, आणि त्या दिवशी घरात असलेल्या प्रत्येक वाद्याला हळदकुंकू आणि धूप मिळे, मालक कोणीही असो. ऑर्गनला वगळण्याचे कारण त्यांना दिसले नाही. त्यांनी निखाऱ्यांनी भरलेले धुपाटणे झाकणावर ठेवले, अगदी गाठीजवळ, आणि त्या नैवेद्याचे पाहायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तो मोहोर पातळ होऊन ओघळलेली. आक्का डगमगल्या नाहीत. लाख मऊ आहे तोवर छाप उठवला पाहिजे, एवढे त्यांना ठाऊक होते. हाताशी देवघरातला चांदीचा टाक होता, जोतिबाची मूर्ती उठवलेला, हुपरीत घडवलेला. तोच त्यांनी दाबला.

चौथ्या दिवशी निरीक्षक तपासणीला आले. चष्मा पुसून त्यांनी मोहोर दोनदा पाहिली.

“ही मोहोर कोणत्या खात्याची?”

“जोतिबाची,” आक्का म्हणाल्या.

“हे कोणत्या खात्यात असतात?”

“समद्या खात्यांच्या वर हाईत की, सायेब,” पिराजी बोलून गेले, आणि आपण जामीन आहोत हे आठवून मागे सरकले.

अंबादासांनी काहीही न लपवता हकिकत सांगितली. निरीक्षक म्हणाले, “मोहोर गेली म्हणजे ऑर्गन वाजवला नाही याला पुरावा उरला नाही. मला तो न्यावा लागेल.”

“उघडून तर पाहा,” अंबादास म्हणाले.

मोहोर फोडण्याआधी निरीक्षकांनी पायातले बूट काढले आणि टाकाच्या छापाला हात जोडले. देवापुढे वाकवल्याची कथा ती एवढीच. झाकण उघडले. पट्ट्यांवर पांढरी बुरशी, सगळीकडे सारखी, एकाही बोटाचा ठसा नसलेली. भात्याचे कातडे उंदरांनी कुरतडले होते. पावसाळ्याने पट्ट्या फुगून जागच्या जागी अडकल्या होत्या. निरीक्षकांनी एक दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही.

“वापर झालेला नाही, हे उघड आहे,” निरीक्षक म्हणाले. अंबादास ऑर्गनकडे पाहत म्हणाले, “पण साहेब, जप्तीच्या वेळी सर्व सूर बोलत होते. चौथी अट मोडली.”

“आरं, गप!” पिराजींनी कपाळावर हात मारला. “सुटला हुतास की! स्वतःच कशाला गळ्यात घेतोस?”

निरीक्षकांनी बराच वेळ अटींचा कागद वाचला. मग त्यांनी लिहिलेला हुकूम ट्रंकेत आहे: ‘ऑर्गन जप्तीच्या वेळच्या स्थितीत आणावा. त्यासाठी लागेल तितके वाजवून पाहण्यास हरकत नाही. काम पूर्ण होताच कळवावे.’

काम त्याच दुपारी सुरू झाले. दिवाळीनंतर भाता हवा धरू लागला, संक्रांतीच्या सुमारास पट्ट्या मोकळ्या झाल्या, आणि अंबादास रोज संध्याकाळी ऑर्गन वाजवून पाहू लागले. गल्लीतली माणसे ऐकायला जमत. पिराजी पहिल्या रांगेत असत. जामीन म्हणून देखरेख हे त्यांचे कर्तव्यच होते.

कार्यालयाने दर सहा महिन्यांनी विचारणा केली. अंबादासांच्या उत्तरांच्या नऊ नकला मी पाहिल्या. मजकूर एकच आहे: ‘मधल्या सप्तकातील दोन सूर अद्याप समाधानकारक नाहीत. प्रयत्न चालू आहेत.’ शेवटची नक्कल १९५७ची. त्यानंतर विचारणा नाही, उत्तर नाही आणि अंतिम निकालही नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी मला तासभर वाजवून दाखवले. समाधानकारक नसलेले ते दोन सूर मी लक्ष देऊन शोधले. मला सापडले नाहीत.