चिमटीत धरून पाहिलेलं सासर

हौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेल्ह्याच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. भाऊ म्हणाला, "दुपारी जेवली, हात धुतला आणि आडवी झाली ती गेलीच." मी रडायचं सोडून विचारलं, "आत्यानं हात धुतला?" आम्ही दोघंही फोनवर हसत हसत रडलो. वडिलांच्या या थोरल्या बहिणीचे हात मातीवाचून आम्ही पाहिलेच नव्हते.

तरुणपणीच नवरा गेला आणि आत्या भोंगवलीला माहेरी परतली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण नवीन पीक लावायचं म्हटलं की गाव तिला बांधावर घेऊन जाई. मूठभर माती भिजवून ती गोळा करी, मग अंगठ्यानं पुढं ढकलत पट्टी काढी. पट्टी लांब निघाली तर चिकण, लगेच तुटली तर वाळूसर. शंका आलीच तर चिमूटभर दाताखाली धरी. शेजारची बाई म्हणे, "हौसाक्का, भाकरीपेक्षा माती जास्त खाता तुमी." आत्या म्हणे, "भाकरी तितनंच येती की!"

मला वेल्ह्याकडचं स्थळ आलं, तेव्हा आम्ही टेम्पो करून घर बघायला गेलो. होणारे सासरे पोह्यांच्या बशा पुढं करत म्हणाले, "आमची जमीन म्हंजी लोणी हाय लोणी!" एवढं ऐकलं आणि आत्या उठून मागच्या दारानं गायब झाली. आली ती हातात ढेकूळ घेऊनच. कुणी काही बोलायच्या आत तिनं ते वडिलांपुढच्या पाण्याच्या पेल्यात सोडलं. बघता बघता ढेकूळ विस्कटलं, पाणी लाल झालं, तळाशी नुसता गाळ.

"पाव्हणं, लोणी वितळलं बगा," आत्या म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा पाण्यापेक्षा लाल. "तुमी घर बगाया आलाय का माती?"

"पोरगी हितं खाणार काय, ते बगाया आलेय. उताराची जमीन, माती घट धरून ऱ्हात न्हाई. पावसात निम्मी वड्याला जात आसंल."

वडिलांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दाराशी उभ्या मुलानं विचारलं, "मग काय करायचं, आत्या?"

"ताग पेरायचा, फुलावर आला की गाडायचा. शेणखत टाकायचं, बांध घालायचा. वरसात न्हाई व्हायचं, दम धराय लागंल."

परतताना वडील मुद्दाम पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. स्थळ मोडलं, हे सगळ्यांनी धरलंच. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते, कारण मुलगा मला आवडला होता.

आठव्या दिवशी तोच मुलगा पिशवी घेऊन एसटीतून उतरला. मी धावत आत जाऊन साडी बदलून आले. त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "आत्या हायत का?" पिशवीत शेताच्या चार तुकड्यांची माती होती. दुपारभर दोघं अंगणात पट्ट्या काढत बसले. मी दोनदा चहा दिला. कपही त्यानं चिखलाच्याच हातानं धरला. तिसऱ्या चहाला मात्र त्यानं वडिलांकडं माझा विषय काढला. वडील घुटमळले, तेव्हा आत्याच म्हणाली, "पट्टी चुकली तर चुकली म्हणतो पोरगा. दे पोरगी."

लग्न झालं, ताग पेरला, गाडला, दरवर्षी. हळूहळू ढेकूळ पाण्यात टिकू लागलं. सासरे आत्याशी कधी धड बोलले नाहीत. ती आली की "मास्तरीणबाई आल्या" म्हणून गोठ्यात जाऊन बसत.

तेराव्याला वहिनीनं आत्याची ट्रंक उघडली. आत कापडाच्या पंधरा-वीस पुरचुंड्या, चांगल्या जड. सगळ्यांना वाटलं, म्हातारीनं सोन्याचे डाग ठेवलेत! पहिली सोडली, माती. दुसरी, माती. वहिनी फेकायला निघाली, तर त्यातली एक माझ्या लग्नाआधीच्या परकराच्या कापडाची निघाली. ती तेवढी मी घरी आणली.

सासरे ओसरीवर बसले होते. काय आहे, कुठलं आहे, मी काहीच सांगितलं नाही. गाठ सोडून पुरचुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चिमूट घेतली, दोन बोटांत बराच वेळ चोळली.

"ही आपल्या वरल्या तुकड्याची," ते म्हणाले. "पर तवाची… आता अशी न्हाई ऱ्हायली."

मग त्यांनी स्वतःच गाठ बांधली आणि पुरचुंडी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. अजून तिथंच आहे. पुसायला घेतली तरी ओरडतात.