नान्नांचा पुठ्ठा

१२ ऑक्टोबरला, दिवाळीआधी, माळा झाडत होते. जुनी पेटी उघडली तसा मागाच्या तेलाचा वास आला. आत भोकं पाडलेला एक पुठ्ठा होता. माझे वडील, म्हणजे नान्ना, चादरी विणायचे. चादरीवर कुठली नक्षी उमटवायची, हे अशा पुठ्ठ्यांची माळ मागाला सांगायची.

त्या वासानं नवी पेठेतला कॉम्प्युटर क्लास आठवला. चपला बाहेर काढायच्या, आत गारेगार, आणि मी अठरा वर्षांची. सरांनी फळ्यावर एक आणि शून्य लिहून विचारलं, "एवढ्यावर मशीनला काय कळणार?"

मी उठले. "सर, आमच्या मागासारखंच की. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली."

"बाई, हितं चादर विणायला आलीस काय?"

वर्ग खो खो हसला. त्यानंतर वडील काय करतात, हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

आज मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझं उत्तर बरोबर होतं आणि सर चुकले होते, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण पुठ्ठा सापडला त्याच्या आदल्याच दिवशी नववीतली लावण्या हातात अर्ज घेऊन आली आणि म्हणाली होती, "मॅडम, मी हा विषय सोडते. आमच्यात सगळे मागावरचे. मला न्हाय जमणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुठ्ठा वर्गात नेला आणि तिच्या हातात दिला. "वाच."

तिनं बोट फिरवलं. "भोक. भोक. नाही. भोक."

मी फळ्यावर लिहिलं, १ १ ० १.

"मॅडम, हे तर आमच्या माळ्यावर पोतंभर पडलंय की!"

"मग उद्या घेऊन ये," मी म्हटलं. "आणि विषय सोडायचा अर्ज फाड."