ड्रायव्हरचं डोकं

सातपूरच्या कारखान्यात मी फिटर होतो. बसत नाही ते कानशीने घासायचं, हेच रोजचं काम. मेहुण्याने परदेशातून जुन्या ट्रकचं छोटं मॉडेल जोडायचा प्लॅस्टिकचा किट आणला, तर सुट्टीच्या दिवशीही तेच नशिबी आलं. केबिन चेसिसवर बसेना. मी सवयीने कडा घासत सुटलो. केबिन तशीच अधांतरी. मग दिसलं, मीच चेसिसवरच्या सीटवर चिकटवलेल्या ड्रायव्हरचं डोकं टपाला लागत होतं. तो काही केल्या निघेना. शेवटी वैतागून त्याचं डोकंच घासलं. केबिन चपखल बसली. दारं उघडणारी नव्हतीच; तो आता कायमचा आत.

"छान बसला हो ड्रायव्हर," बायको काचेतून डोकावून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कंपनीच्या बसमध्ये नेहमीच्या सीटवर बसलो, आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला.