शिक्केकाकांचा पत्ता

शिक्केकाका कुठलाही कागद खालून वर वाचत. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तळाची आहेराविषयीची ओळ, मग निमंत्रकांची नावं, मग कार्यालयाचा पत्ता, आणि वधूवर सगळ्यात शेवटी. औषधाची बाटली, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, सगळ्यांना हाच न्याय. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “वर असतं ते त्यांना सांगायचं असतं. खाली असतं ते सांगावं लागतं म्हणून सांगितलेलं असतं. आपलं काम खालच्याशी.” आता मी पोटासाठी तेच काम करते. इंटरनेटवरची दुकानं कायद्याला धरून चालतात की नाही ते तपासते. दिवसभर बारीक अक्षरं वाचून डोळे चुरचुरायला लागले की काकांची आठवण येते. ती दर वेळी प्रेमानंच येते असं नाही. हे खूळ डोक्यात त्यांनीच घातलं.

काका सरकारी वजनमापे निरीक्षक होते. उभी नोकरी बाजारातल्या तागड्या तपासून त्यांवर शिक्के मारण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर नाव तेच चिकटलं. विरार पूर्वेला फुलपाड्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहत. लिफ्ट नव्हती. कोळणींपासून वाण्यापर्यंत सगळे त्यांना ओळखून होते, आणि ते आले की उगाचच तागडी पुसायला घेत. याचा त्यांना अभिमान होता असं मला वाटायचं. काकू म्हणत, “कसला अभिमान? यांच्यामुळे मला कधी कोणी चार कोथिंबिरीच्या काड्या वर घातल्या नाहीत.”

दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत मी वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात नोकरीला होते. खाली तान्ह्या बाळांची झबली, दुपटी, टोपडी शिवली जात, आणि वर पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर ठेवून मालकांनी त्याच मालाचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. दुकान म्हणजे मीच. फोटो मी काढायची, पानं मी बनवायची, ऑर्डरी मी उतरवून घ्यायची. कोणा ओळखीच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकानं ग्राहक मंचात खेचलं म्हणून मालक हबकले आणि मला म्हणाले, “वर्षा, कायदा कळणारा एखादा माणूस बघ. वकील नको, महाग पडतो.” मी काकांना घेऊन गेले.

काकांनी माउसला हात लावला नाही. “मला कागदावर दे,” म्हणाले. मी सगळी वेबसाइट छापून दिली आणि ते लाल पेन्सिल घेऊन शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून सुरू झाले. पहिल्याच ओळीला थांबले. अटी आणि शर्ती मी एका अमेरिकन साइटवरून जशाच्या तशा उचलल्या होत्या, आणि तळाशी लिहिलं होतं की वाद झाल्यास न्यायनिवाडा कॅलिफोर्नियात होईल. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे नालासोपाऱ्याच्या बाईनं झबलं आखूड निघालं की कॅलिफोर्नियाचं तिकीट काढायचं?” मालक हसले. काका हसले नाहीत, पुढच्या ओळीकडे गेले. म्हणजे वरच्या.

तीन दिवस हे चाललं. किंमत करासकट लिहा. माल परत घ्यायचा की नाही ते सरळ मराठीत लिहा. ‘शंभर टक्के सुती’ म्हणता, मग लेबलवर वेगळं का? पण खरी अडचण पत्त्याची होती. साइटवर नुसता ईमेल होता. काका म्हणाले, “दुकानाला उंबरठा पाहिजे. चिडलेलं गिऱ्हाईक उभं कुठे राहणार?” मालकांना गाळ्यावर भांडणं नको होती. हो-ना करता करता ते म्हणाले, “काका, तुमचाच पत्ता टाकतो ना. तुम्ही तर घरीच असता.” मला वाटलं काका उठून जातील. त्यांनी जरा विचार केला आणि आपला पत्ता खणखणीत अक्षरांत लिहून दिला. साइटच्या तळाला आणि प्रत्येक पार्सलमधल्या चिठ्ठीवर तो छापला गेला. काकूंना हे चार दिवसांनी, पहिली बाई टोपडं घेऊन दारात आली तेव्हा कळलं.

आणखी एका गोष्टीवर त्यांनी लाल फुली मारली होती. ऑर्डरच्या पानावर मी बाळंतपणाची तारीख विचारायची. मालकांची कल्पना होती ती, पुढेमागे शुभेच्छा पाठवता येतील म्हणून. काका म्हणाले, “झबलं विकायला अंग किती मोठं ते कळलं की पुरे. तारीख आपल्याला कशाला? जे लागत नाही ते विचारू नये. विचारलं की ठेवावं लागतं, आणि ठेवलं की कोणीतरी मागतं.” कायद्यात तेव्हा याबद्दल फारसं काही नव्हतं. पण मालकांनी मान डोलावली, मी तो रकाना काढला, आणि पुन्हा छापून दिलं. काकांनी अखेरच्या पानावर ‘तपासले’ लिहून सही केली, गठ्ठ्याला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतून ठसा उमटवला आणि तो कपाटात ठेवायला सांगितला. “आता एका वर्षानं येतो,” म्हणाले. तागडीचं तसंच असतं. एकदा तपासून शिशाचं सील ठोकलं की त्या काट्याला वर्षभर कोणी हात लावत नाही, आणि लावलाच तर ते फुटलेलं दिसतं.

आमच्या दुकानाला शिसं ठोकायला जागाच नव्हती. दोन महिन्यांनी मालक म्हणाले, तो तारखेचा रकाना परत टाक, आणि खाली एक चौकट ठेव, ‘आमच्या सहयोगींकडून माहिती मिळण्यास माझी संमती आहे’, आधीच टिक केलेली. दहा मिनिटांचं काम होतं. मी केलं. संध्याकाळी काकांना सांगू असं ठरवलं. संध्याकाळी ते त्यांच्या जिन्यात भेटले, कोथिंबिरीची जुडी हातात होती, काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलले, आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ते राहूनच गेलं. नोकरी जाईल अशी भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे कंटाळा होता. पुन्हा ती लाल पेन्सिल, पुन्हा ते सगळं खालून वर.

पुढच्या उन्हाळ्यात राजोडीहून एक मावशी काकांच्या दारात आल्या. मी काकूंना मेथीचा डबा द्यायला गेले होते म्हणून तिथे होते. हातात आमच्या पार्सलची चिठ्ठी, घामाने ओली झालेली. काकांचं नेहमीचं वाक्य ठरलेलं असे, “आधी बसा. चूक कोणाची ते मग बघू.” मावशी बसल्या नाहीत. काकूंनी पाणी आणलं.

“पानी नको,” मावशी म्हणाल्या. “माझ्या सुनेचा नंबर कोनी दिला तेवडं सांगा.”

त्यांच्या मुलानं मुंबईच्या ऑफिसातून, बायकोचा नंबर देऊन, आमच्याकडे झबली मागवली होती. बाळ जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. त्याला आता सहा महिने झाले होते, आणि गेले पंधरा दिवस सुनेला फोन येत होते. एक फोटो स्टुडिओवाला, एक विमा एजंट.

“रोज इचारतात, बालाचं नाव काय ठेवलं म्हनून,” मावशी म्हणाल्या. “ती कोनाशी बोलत नाय आता.”

काका म्हणाले, “आमच्याकडून जाणं शक्य नाही. आम्ही तारीख विचारतच नाही. मी स्वतः तपासलंय.” त्यांच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. मावशींना त्यांनी दोन दिवसांत घरी येऊन उत्तर देतो असा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी वालीवला येऊन त्यांनी कपाटातला गठ्ठा काढला. लाख शाबूत होती. ती फोडून त्यांनी ऑर्डरचं पान काढलं आणि मालकांसमोर धरलं. रकाना नव्हताच. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी कॉम्प्युटर काकांकडे वळवला.

काकांनी पडदा वाचून काढला. तेही खालून वर. मग मला म्हणाले, “मला सांगायचं होतंस गं.” बस, इतकंच. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

राजोडीला आम्ही दोघं रिक्षानं गेलो. सून ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. फोन तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला होता, वाजला तर ऐकू येऊ नये म्हणून. काका पायरीखाली उभे राहिले. म्हणाले, “नंबर आमच्याकडूनच गेला. ज्यांना दिला त्या दोघांना फोन करू नका म्हणून मी सांगून आलोय, पण त्यांनी पुढे कोणाला दिला ते मला कळणार नाही. परत आणता येईल असं मी खोटं सांगणार नाही. तपासणी माझी होती, चूक माझी.” सून तांदूळ निवडत राहिली. मी काकांच्या मागे उभी होते. माझ्या तोंडात शब्द होते, आणि मी ते गिळले. बाहेर पडताना मावशींनी काकांना पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले.

परतल्यावर काका मालकांकडे गेले. आवाज न चढवता म्हणाले, “रकाना आणि चौकट आजच्या आज काढा, आणि जमवलेल्या तारखा-नंबरांची यादी पुसा. नाहीतर त्या बाईंचा ठाण्याच्या मंचातला अर्ज मीच लिहून देईन, आणि विरुद्ध पक्षात पहिलं नाव माझं घालीन.” मालकांनी काढलं. आता काका साइटवरून आपला पत्ता काढून घेतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, “काढला तर ती माणसं जातील कुठे?”

तेव्हापासून वर्षातून एकदा तपासायचा हिशेब संपला. आठवड्यातून कुठल्याही दिवशी, न सांगता, ते वालीवला येत आणि म्हणत, “छाप.” उन्हातान्हात दोन बस बदलून येत. पानं घेत, लाल पेन्सिल काढत. शाई संपते म्हणून मालक कुरकुरत, मीही मनात कुरकुरे. काका थकत चालले होते, हे दिसत होतं. पुढे पुढे दोन ओळी वाचून डोळे मिटून बसत आणि मग परत तळापासून सुरू करत. लोक तीन मजले चढून येतच होते, उसवलेली दुपटी घेऊन, आणि काका त्यांची तक्रार एका लांब वहीत उतरवून घेत.

असं चार वर्षं चाललं आणि काका गेले. साधा ताप आला आणि उतरलाच नाही. मालक मला म्हणाले, “आता तो पत्ता काढून टाक. जागा मोकळी राहू दे, कोण बघतंय तळाला?”

तेराव्यानंतर काकूंनी मला ती वही दिली. “लोक अजून येतात गं,” म्हणाल्या. “परवाच एक जण येऊन गेला. माझ्याच्यानं आता दरवेळी दारापर्यंत उठवत नाही.” त्यांच्यासमोरच मी पानं उलटली. प्रत्येक तक्रारीपुढे शेवटचा रकाना होता, चूक कोणाची. शिवणकाम, कुरिअर, मालक, गिऱ्हाईक, जे असेल ते काकांनी लिहिलं होतं. राजोडीच्या पानावर त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. माझं कुठेच नव्हतं. काकूंकडे पेन मागितलं आणि काकांच्या नावाच्या वर माझं लिहिलं, म्हणजे खालून वाचत येणाऱ्याला आधी ते आणि मग मी भेटेन. मग मला स्वतःचाच राग आला. ते खोडलं आणि त्यांच्या नावाच्या खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साइटच्या तळाला मी माझ्या घराचा पत्ता टाकला. आम्हीही तिसऱ्या मजल्यावरच राहतो. पहिली बाई आली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि मी तिला आधी बसा म्हटलं.